वहिनीचा पायगुण

बायकोपासून मी सहसा काही लपवत नाही, पण हे तिच्याही कानावर घातलेलं नाही. तुम्हाला सांगतो — जमेल तसं.

एकाहत्तरचा उन्हाळा. थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं, नुकतंच लग्न झालं आणि त्याच आठवड्यात त्यानं नोंदवून ठेवलेल्या मोटरसायकलचा नंबर लागला. कित्येक वर्षं वाट पाहिली होती त्यानं. पण घरात पाहुणे, जागरण-गोंधळ — नवरदेव पुण्याला जाणार कसा? गाडी आणायला मी गेलो. शोरूमच्या मिस्त्रीनं चावी देताना बजावलं, "नवं इंजिन हाय. चाळीसच्या वर न्यायची न्हाई. मधी मधी थांबून गार होऊ द्या." मी मान डोलावली.

शिरूरपर्यंत शहाण्यासारखा आलो. बैलगाड्या सोडल्या तर सगळेच मला मागं टाकत होते. मग नगरची एसटी आली. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "पाव्हणं, ढकलत न्यायची का?" आतले सगळे हसले. एवढंच! एवढ्यावरून माझं डोकं फिरलं. एसटीला मागं टाकून सुप्यापर्यंत मी काटा खाली येऊ दिला नाही. तिथं तापलेलं इंजिन एकाएकी आवळलं, मागचं चाक फरफटलं. बऱ्याच वेळानं गाडी पुन्हा चालू झाली, पण आत खडखड होती. ती कशाची, हे न कळण्याइतका मी दूधखुळा नव्हतो.

नगरच्या पुढं आमचं गाव. दारात सगळे उभे होते. आईनं नव्या सुनेच्या हाती ताट दिलं. वहिनीनं गाडीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, किती हौसेनं! मी मनाशी म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी वेशीबाहेर इंजिन जाम झालं आणि दादा आदळला. हात मोडला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? पुढं पावसानं दडी मारली, विहीर आटली, आणि आईनं सगळ्याचं खापर एकीच्याच माथी फोडलं. "हिनंच ओवाळलं. पायगुनच वंगाळ हाय हिचा."

एकदा वहिनीनं मला गोठ्यात गाठलं. "भावजी, गाडी तुमी आनली. माज्या ओवाळन्यानंच झालं का वो असं?" घरात तिच्याशी धड बोलणारा मी एकटाच, म्हणून मला विचारत होती. आणि मी म्हणालो, "कुनी सांगावं, वहिनी."

हे मी म्हणालो. तिच्या तोंडावर. आजही आठवलं की स्वतःची किळस येते. कशाला भ्यालो होतो मी? दादा फार तर महिनाभर बोलला नसता.

त्यानंतर नवा बैल आला, नवा नांगर आला — ताट कधी वहिनीच्या हाती गेलं नाही. पुढं माझं लग्न झालं. आम्ही दोघं उंबऱ्याशी उभे, आई ओवाळत होती. वहिनी तिथंच होती. कुणी काही बोललं नाही, तरी ती आपण होऊन मागं सरली. तोवर तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. जाताना तिनं पदर गोळा करून छातीशी धरला — माझ्या नवरीला लागू नये म्हणून.

मी पाहिलं. आणि नवरीबरोबर आत गेलो.