गार्डमामांवरचा सिनेमा

गार्डमामांना कुणी वाघाबद्दल विचारलं की ते दोन बोटं वर करायचे. वनरक्षक म्हणून तीसेक वर्षं किनवटच्या जंगलात पायी हिंडलेल्या या माणसाने वाघ दोनदाच पाहिला होता, आणि तोही पाठमोरा. "दोन्ही वक्ताला तो तिकडं चालला होता, मी इकडं," ते सांगायचे. "त्याचं बी बराबर, माझं बी बराबर."

अशा माणसावर मी साहसपट काढायला निघालो होतो.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा होता. कलेक्टर कचेरी आली, पाट्या बदलल्या, आणि आम्हा बी. ए. झालेल्या बेकार पोरांना वाटू लागलं की जिल्ह्याला आता स्वतःचा सिनेमाही हवा. लेखक-दिग्दर्शक मी. लातूरजवळच्या मुरुडचा, जंगल म्हणून आयुष्यात पाहिलं होतं ते बाभळीचं बन. नायक माझा मित्र सुधाकर, कारण त्याच्याकडे खाकी हॅट होती. कॅमेरा बशीरभाईंचा. ते लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे, आणि दुष्काळामुळे त्या उन्हाळ्यात लग्नंच कमी होती.

माझी ताई किनवटकडच्या इस्लापूरला दिलेली. गार्डमामा तिच्या शेजारी राहायचे. रिटायर झाले होते, पण सकाळी चहा घेऊन जंगलात जायचं आणि दुपारी परतायचं हा नेम चालूच होता. नकाशात नसलेले ओढे, पाणवठे त्यांनी एका वहीत काढून ठेवले होते. "सरकारचा नकाशा हापिसात बसून काढेल हाय," ते म्हणायचे. "माझा चालून काढेल हाय."

मी त्यांना पटकथा वाचून दाखवली. तीत तरुण गार्डमामा अस्वलाशी झुंजत होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कोन हाय?"

"तुम्हीच, मामा."

"मंग अस्वलाला काहून मारून राहिलो मी? त्यानं काय केलं?"

मी त्यांना नाट्य म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पाऊण तास. आज आठवलं की कान गरम होतात. त्यांनी मान हलवली, आणि मला वाटलं पटलं.

पहिला सीन सहस्रकुंडाचा होता. नायक धबधब्यात उडी घेतो. तिथे पोचलो तर नुसता काळा कातळ, आणि खाली डबक्यात हिरवं पाणी. सुधाकर कडेला हॅट धरून उभा राहिला. गार्डमामा खाली वाकून बघून म्हणाले, "माराची असंल तर मारा उडी. पन सांगून ठेवतो, दवाखाना किनवटला हाय."

उडी रद्द झाली. मग दोन दिवस सुधाकर नुसता चालला. झाडाआडून, दगडावरून, हॅट घालून, हॅट काढून. सीनच्या मधेच गार्डमामा येऊन त्याला सांगायचे, "बूट काढा, साहेब. मातीत मुंग्यायचं घर हाय." बशीरभाई वैतागून कॅमेरा बंद करायचे.

तिसऱ्या दिवशी कोरड्या ओढ्यात नायकाला पाणी सापडण्याचा सीन होता. ओढ्यात पाणी नव्हतं. गार्डमामा सावलीची जागा बघायला पुढे गेले होते. मामींनी आमच्या पिण्यासाठी दोन घागरी पाणी पाठवलं होतं. मी सुधाकरला वाळूत खड्डा करायला लावला आणि दोन्ही घागरी त्यात ओतल्या. पाणी घटकाभर चमकलं. सुधाकरने ओंजळ भरली. मी "वा!" म्हणून ओरडलो.

मागे गार्डमामा उभे होते.

"कोनी ओतलं?"

"मी. मामा, सिनेमात असंच असतं."

खड्डा तेवढ्यात कोरडा झाला होता. ते वाळूकडे बघत राहिले. "तुमची मामी कोंबड्याच्या आंधी उठून हिरीवर नंबर लावून बसली होती," एवढंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी फावडं उचललं आणि ओढ्यातून वर चालू लागले. एका वळणावर उंबराचं झाड होतं. तिथे त्यांनी वाळूचा वास घेतला, दोन पावलं मागे सरले आणि खणायला लागले. आम्हाला वाटलं, राग काढताहेत. अर्ध्या तासाने ते गुडघाभर खड्ड्यात होते. मग लाज वाटून मी उतरलो, मग सुधाकरही हॅट काढून. माझ्या तळव्यांना फोड आले. कंबरभर खणल्यावर वाळू काळी झाली, मग ओली, आणि मग तळाशी कपभर पाणी साचलं. गढूळ, थंड. मामांनी आधी मला प्यायला लावलं.

तोंड पुसून मी ओरडलो, "बशीरभाई, कॅमेरा!"

"बॅटरी कब की खतम, मियाँ," ते म्हणाले. "सुबह से तुम्हारे हीरो की चाल उतार रहा था."

सिनेमा तिथेच संपला. त्या झऱ्यावर मात्र जवळच्या तांड्याने पाऊस येईपर्यंत पाणी भरलं.

पुढच्या वर्षी गार्डमामा आणि मामी एसटीने लातूरला आले, सिनेमा बघायला. मामांनी नवा सदरा घातला होता. आता यांना काय दाखवायचं? मी त्यांना बशीरभाईंच्या दुकानात नेऊन टेप लावली. सगळा सुधाकरच होता. मामा एकदाच आले, बूट काढा म्हणायला. त्यांनी स्वतःला निरखून पाहिलं. "येवढा म्हातारा झालो का मी?"

"मी काय सांगत व्हते?" मामी म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांनी तेवढाच तुकडा चार वेळा बघितला.

बसमध्ये बसताना मामा मला म्हणाले, "बुरं वाटून घेऊ नका. तुम्हाले चालता येते. सिनेमा न्हाई आला, न्हाई आला."

दोन वर्षांनी ताईचं पत्र आलं, गार्डमामा गेल्याचं. मी इस्लापूरला गेलो. मामींना जय भीम केला, त्यांनी चहा ठेवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती टेप आनली का? सरपंचाकडं मशीन हाय आता. त्यायला अजून एकदा बघाचं होतं."

निघण्याआधी मी बशीरभाईंच्या दुकानात जाऊन आलो होतो. टेप घेऊन जा, असं त्यांनी मला पूर्वी दोनदा सांगितलं होतं. तेव्हा मीच गेलो नव्हतो. शेवटी त्यांनी तिच्यावर एक लग्न उतरवलं होतं.

मी हे सांगितलं. खाली बघत सांगितलं. मामी बराच वेळ चुलीतलं लाकूड पुढेमागे करत राहिल्या.

"नवरी कुठली होती?" त्यांनी विचारलं.

"निलंग्याची."

"नांदती का नीट?"

मला माहीत नव्हतं. तरी मी हो म्हणालो.

"असू दे मंग," मामी म्हणाल्या, आणि चहा गाळायला घेतला.