मौनाच्या दिवशीची खिचडी

गेल्या महिन्यात एका शनिवारी भल्या सकाळी उठून मी वीस जणांची साबुदाण्याची खिचडी केली... आणि दिवसभर ती कुणी खाल्ली नाही.

आम्ही लंडनजवळ वॉटफर्डला राहतो. माझी मुलगी अनुजा सोळा वर्षांची, लहानपणापासून स्काउटमध्ये. तिच्या ग्रुपच्या कॅम्पचं किचन मी नऊ वर्षं सांभाळतोय.

इथे स्काउटांचं एक सेवापथक आहे. त्यात अर्ज करून जाता येत नाही, बाकीची मुलं चिठ्ठ्या टाकून निवडतात. निवडलेल्याने एक पूर्ण दिवस मौन पाळायचं, पडेल ते काम करायचं, अगदी थोडं खायचं... मग पथकाचा स्कार्फ मिळतो.

मोठ्यांमधूनही मुलं दर वर्षी एकाला निवडतात. माझं नाव दोनदा आलं होतं, दोन्ही वेळा मी हात जोडून नको म्हटलं. गावच्या शाळेत गुरुजी आम्हाला पटांगण झाडायला लावायचे आणि बजावायचे, केलेलं काम मिरवायचं नाही. ते पक्कं बसलंय.

यंदा तिसऱ्यांदा नाव आलं. उत्तर त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं... आणि माझं 'नको' तयारच होतं.

त्या दिवशी अनुजासकट सहा मुलांचं मौन होतं, सोबतीला पथकातली जुनी मुलं आणि लीडर धरून वीस जण. आमच्या सत्तरीतल्या लीडर, जीन, यांनी कळवलं होतं की जेवण उपासासारखं ठेव. शनिवार माझाही उपास, मी विचारसुद्धा केला नाही... उपास म्हणजे खिचडी! कॅम्पवर नट्सना बंदी, म्हणून दाण्याचं कूट नाही. पण तूप, बटाटा, ओलं खोबरं भरपूर.

जीननी झाकण उघडलं आणि हसायलाच लागल्या. "याला तू उपास म्हणतोस? असा उपास मी रोज करीन!" मग हळूच सांगितलं, प्रत्येकाला ब्रेडचा एक स्लाइस आणि एक सफरचंद, बस.

मुलांनी तेवढंच खाल्लं. अनुजाने एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फावडं उचलून गेली.

किचनच्या खिडकीतून मी बघत होतो. मुलं चिखलातली पायवाट नीट करत होती. कुणाची ढकलगाडी रुतली की दुसरा न बोलावता यायचा, आणि पहिला त्याला हात लावू द्यायचा... थँक यू नाही, काही नाही.

पाच वाजता मौन सुटलं आणि सगळी किचनमध्ये घुसली. खिचडीचा गोळा झाला होता. पाण्याचा हबका मारून गरम केली, तर अनुजाने पहिली प्लेट भरून माझ्यापुढेच धरली.

"नको नको, आधी तुम्ही घ्या. मी नंतर..."

"बघ, हेच! बाबा, तू खिचडी पण नाही घेत, आमचा व्होट पण नाही घेत. फक्त देत राहतोस. आम्ही दिलेलं बिनमध्ये टाकल्यासारखं वाटतं, माहितेय?"

तिने प्लेट तशीच माझ्यापुढे धरून ठेवली.

इतकी वर्षं ज्याला मी साधेपणा समजत होतो, तो मुलांच्या बाजूने असा दिसत होता तर... प्लेट घेतली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दोन घास खाल्ले आणि जीनना म्हटलं, यंदा मी येतो.

काल माझा मौनाचा दिवस झाला. घरून मारुतीला नमस्कार करून निघालो आणि दिवसभर कुंपणाला रंग दिला. दुपारी अनुजा माझं जेवण घेऊन आली... ब्रेडचा एक स्लाइस, एक सफरचंद. हसू दाबत होती.

मौनात 'नको' म्हणता येत नाही, हे किती बरं आहे. दोन्ही हातांनी घेतलं. संध्याकाळी मुलांनी स्कार्फ पुढे केला... तोही तसाच घेतला.