हिरव्या बैलाची खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या गोठ्यातून बैलांच्या खांदशेकणीच्या तूप-हळदीचा वास आला, की मला आईचा तो उद्योग आठवतो आणि हसू येतं.

जेड दगडात कोरलेल्या प्राचीन चिनी मूर्ती जमवायचा मला नाद. पहिला आला तो मान वळवून बसलेला हिरवा बैल. मुठीत मावणारा, गारेगार. नांदुऱ्याच्या आमच्या घरात त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. त्या संध्याकाळी मी कॉलेजातून शिकवून आले, तर आई कोमट तूप-हळदीने त्याचे खांदे चोळत बसलेली!

"आई, हजार वर्षांचा चिनी बैल आहे तो!"

"मंग? हजार वर्षांत कोनी खांदे चोयले त्याचे? चीनचा असो का चिखलीचा, बैल तो बैलच. काऊन ओरडून राह्यली?" मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. खांद्यावरच्या कोरीव रेघांत पिवळा रंग कायमचा बसला.

आता आई नाही. परवा एक जाणकार संग्रह पाहायला आले. भिंगातून त्या रेघा न्याहाळत म्हणाले, "शेकडो वर्षं मातीत राहिल्याशिवाय हा पिवळेपणा येत नाही. अस्सल!"

मी मान डोलावली. मूर्तींचं मी छातीठोक सांगणार नाही. हळद मात्र अस्सल आहे.