चुन्याच्या रेघेमागून

बातमी आली तेव्हा मी बेदाण्याच्या शेडवर होते. जाळ्यांवर द्राक्षं पसरायचं काम ऐन भरात आलेलं आणि बिरुदेवांचा फोन. बिरुदेव मेंढरं राखतात, त्यांची हाक एका माळावरून दुसऱ्या माळावर जाते, म्हणून एरवी मी फोन कानापासून हातभर लांब धरते. त्या दिवशी मात्र कान लावून ऐकावं लागलं. "वहिनी, सर गेलं," ते म्हणाले, "मिरजेला दवाखान्यात न्हेलतं... सकाळीच गेलं." मुलाणी सर म्हणजे आमच्या पोरींचे लॅक्रॉसचे सर. आदल्या रविवारी मैदानावर मला हसत होते, कारण ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. मी हातातली द्राक्षं तशीच ठेवली आणि जाळीला टेकून खाली बसले.

चार वर्षांपूर्वी तासगावात लॅक्रॉस हा शब्द कुणी ऐकला नव्हता. सरांनी शाळेच्या मैदानावर पालकांना गोळा केलं आणि एक काठी वर धरली. काठीच्या टोकाला जाळीचा खोलगट झेला. त्यात चेंडू झेलायचा, त्यातूनच फेकायचा, पळत जाऊन गोल करायचा. सामानाला पैसे नव्हते, म्हणून सरांनी पहिल्या काठ्या बांबूच्या केल्या आणि त्यांना आमच्याच शेडवरची जुनी जाळी लावली. मी म्हटलं, "आवं सर, हे फुलपाखरं धरायचं हाय का खेळायचं?" सर म्हणाले, "वहिनी, आधी प्राचीला पळू द्या, मग हसा." आणि प्राची, माझी लेक, अशी सुटली की मी हसायचंच विसरले. पहिल्या महिन्यात मी कामं टाकून रोज मैदानावर. कधी नव्हे ते घरी भाजी करपायला लागली.

मी मुळातच तापट, त्यात लेक चांगली खेळते म्हटल्यावर अंगात आल्यासारखं व्हायचं. म्हसवडच्या सामन्यात तेच नडलं. बरोबरी होती, शेवटची मिनिटं, चेंडू प्राचीकडे. बिरुदेवांची काजल गोलसमोर मोकळी उभी, काठी पुढे करून "दे, दे" म्हणतेय. आणि मी अगदी कडेला जाऊन ओरडले, "प्राची, तूच मार, कुणाला देऊ नगं!" माझी लेक जन्मात पहिल्यांदा माझं ऐकायला त्या दिवशीच निघाली. तिघींनी तिला घेरलं, चेंडू गेला, तिकडे गोल झाला, आम्ही हरलो. परतीच्या एसटीत माझं आणि बिरुदेवांचं जे जुंपलं ते तासगाव येईपर्यंत. "उद्यापासनं माझी काजल येणार न्हाई," ते म्हणाले. मीही म्हटलं, नका पाठवू. पोरी मागच्या बाकांवर खाली मान घालून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाच पोरी आल्या नाहीत. उरलेल्यांत संघ होत नव्हता आणि प्राची माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या एका ओरडण्याने सगळा खेळ बंद पडायची वेळ आली होती, हे मला कळत होतं, पण कबूल करवत नव्हतं.

सरांनी घरोघरी जाऊन रविवारी पालकांना बोलावलं. आता बोलणी खायची म्हणून आम्ही तयारीने गेलो. सरांनी नुसती चुन्याची पाटी उचलली, मैदानाच्या कडेपासून दहा पावलं मागे गेले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ ओढली. "पालक हिच्या मागं," म्हणाले. मग टोपी पुढे केली, तीत चिठ्ठ्या. ज्याच्या चिठ्ठीत ज्या पोरीचं नाव निघेल, त्याने मैदानावर फक्त तिच्याच नावाने ओरडायचं, आपल्या पोरीचं नाव तोंडातून काढायचं नाही. बिरुदेवांना निघाली प्राची. मला निघाली सना, सरांची स्वतःची मुलगी, आमची गोलरक्षक.

"मग माझ्या पोरीला मी म्हणायचं तरी काय?" मी भडकून विचारलं.

"घरी गेल्यावर जेवलीस का म्हणा," सर म्हणाले.

बिरुदेव फसकन हसले, मग मीही हसले आणि काजल परत आली, मागोमाग बाकीच्या पोरीही.

पुढच्या सामन्यात सुरुवातीला सगळे पालक गप्प, परक्या लग्नात आल्यासारखे. मग बिरुदेवांनी चिठ्ठी खिशात घातली आणि हाक दिली, "प्राचीऽऽ, दे म्होरं, बेस हाय गं पोरी!" सगळं मैदान दचकलं. प्राचीने चेंडू दिला, काजलने गोल केला, आणि मी रेघेमागे उड्या मारत होते. मला मात्र नजर आमच्या गोलकडे ठेवावी लागायची, आणि त्यामुळेच मला सना दिसली. एवढीशी पोर, तोंडावर जाळीचं शिरस्त्राण, अंगावर येणाऱ्या चेंडूपुढे पाय रोवून उभी राहते. तोवर मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. एकदा तिने लागोपाठ दोन चेंडू अडवले, मी तिच्या नावाने बोंबलत होते आणि सर शेजारी येऊन उभे राहिले. नियम त्यांनाही होता. तिला ते मैदानावर गोली म्हणायचे, नाव घ्यायचे नाहीत. त्यांच्या मुठी घट्ट वळलेल्या होत्या. हळूच म्हणाले, "वहिनी, जरा मोठ्यानं... माझ्या वाटचं बी तुमीच म्हणा."

गेल्या रविवारी आमच्या मैदानावर सामना होता, सर गेल्यानंतरचा पहिला. खेळायचं की नाही, आम्ही सनावर सोडलं होतं. ती सगळ्यांच्या आधी येऊन गोलात उभी राहिली. चुन्याची पाटी सरांच्या खोलीत, खोलीला कुलूप, रेघ काही कुणी मारली नव्हती. मी वळून पाहिलं तर सगळे पालक कडेपासून दहा पावलं मागे, सरळ ओळीत उभे होते, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सामना असा रंगला की काय सांगू! एका गोलने आम्ही पुढे, शेवटचं मिनिट, त्यांची उंच पोरगी मोकळी सुटून सनासमोर आली, सनाने अंग टाकलं आणि चेंडू काठीच्या जाळीत धरूनच उठली. मी जीव खाऊन ओरडले, "सनाऽऽ!"

मग शेजारची रिकामी जागा दिसली. श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा ओरडले, सरांच्या वाटचं.