पाहुण्यांना फाटकापर्यंत

मनीषनगरातल्या आमच्या केंद्रात कमरेखाली लुळी पडलेली नऊ माणसं व्यायामाला यायची आणि व्हीलचेअर होत्या चार. आणखी पाच मिळाव्यात म्हणून मी एका संस्थेकडे अनुदानाचा अर्ज केला होता. तो भरता भरता माझं डोकं पिकलं होतं. त्यांच्या मॅडम पाहणीला येणार कळल्यावर मी सगळ्यांना बजावलं, जे कमी आहे ते स्पष्ट सांगा, लाजू नका.

ऐकतील तर शपथ. त्या सकाळी जाऊन बघते, तर शेजारच्या मंगल कार्यालयातून आणलेल्या कव्हरवाल्या खुर्च्यांवर सगळे इस्त्रीचे कपडे घालून बसलेले. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून आमच्या खिळखिळ्या व्हीलचेअर मागच्या खोलीत. हे सारं खापरखेड्याच्या काकांचं काम. आंब्यावरून पडून पाय गेले, तोरा शाबूत.

मॅडमनी विचारलं, इथे अडचणी काय आहेत?

"काई अडचण नाई जी," काका म्हणाले. "पोहे घ्या तुमी."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नसतं, एवढंच त्यांना ठाऊक. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मी मनात म्हटलं, गेलं अनुदान. काकांचा इतका राग आला की मी पोह्यांवर तर्रीसुद्धा घेतली नाही.

मॅडम निघाल्या. पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायचंच, हाही काकांचाच नेम. मागच्या खोलीतून व्हीलचेअर निघाल्या. चौघे फाटकाशी गेले आणि तिथल्या ओट्यावर सरकून बसले. रिकाम्या व्हीलचेअर मी एकेक करून परत आणल्या, मग दुसरे चौघे गेले. मॅडम उन्हात गाडीची किल्ली हातात धरून नुसत्या बघत होत्या. आत काका एकटे उरले. त्यांच्यासाठी मी एक खुर्ची वळवली, तर मॅडमनी ती माझ्या हातून घेतली आणि स्वतः आत गेल्या.

बाहेर येताना काका ओशाळून त्यांना म्हणाले, "माह्यापायी तुमाले उशीर होऊन राहिला जी. काय करता, खुर्च्या चारच हायेत."

मॅडमनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून आधीची ओळ खोडली. मला तेव्हा काकांना मिठी मारावीशी वाटली.

पाच व्हीलचेअर आल्या. आता पाहुणा निघाला की नऊच्या नऊ जण एकदम फाटकाशी जातात. आत कुणी एकटं उरत नाही.