मागच्या खोलीतला प्लग

वस्तीत त्या वायरमनला सगळे उजेडमामा म्हणत. वीज जाण्याची त्यानं इतकी धास्ती घेतली होती, की रविवारी न बोलावताही तो घरोघर टपकायचा. टॉर्चचे सेल काढून ठेवा, गळतात. पिण्याचं पाणी भरून ठेवा. डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहा, मोबाइल ऐन वेळी मान टाकतो. लोक हसत, पण ऐकत. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र इन्व्हर्टर नव्हता. होता तो त्यानं सहा वर्षांपूर्वी उपटून टाकला होता.

तेव्हा बायको मागच्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनवर होती. भर दुपारी वीज गेली आणि घरात कुणाला पत्ताच लागला नाही, कारण दिवे चालू होते, पंखे फिरत होते. प्लग इन्व्हर्टरवर घ्यायचा नाही, कुणीतरी इस्त्री लावतं आणि बॅटरी बसते, हा त्याचा पंचवीस वर्षांचा नेम. स्वतःच्या घरातही हात सवयीनंच चालले होते, आणि मशीन अशाच, इन्व्हर्टरवर नसलेल्या प्लगला लागलं होतं. कामावरून त्यानं फोन केला, तर थोरली बहीण म्हणाली, "सगळं चालू आहे रे. ती झोपलीय." मशीन शिटी मारून मारून थकलं असेल. ताईला कमी ऐकू यायचं. तो परतला तेव्हा बायको गेली होती.

ताईनं सगळा दोष आपल्या कानांवर घेतला. हा गप्प राहिला, आधी दुःखानं, नंतर चक्क भित्रेपणानं. आता वीज गेली की ताई त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसायची आणि जिथं मशीन होतं त्या टेबलावर तळहात ठेवायची. वीज येईपर्यंत उठायची नाही. त्याला तर ती शिटी दिवसाढवळ्या, शिडीवर चढल्यावरसुद्धा ऐकू यायची.

परवा शेजारच्या शिक्षिकेच्या आईला मशीनसकट घरी आणलं. यानं आधी तिथला प्लग इन्व्हर्टरवर घेतला आणि मेन स्विच बंद करून बघितलं. मशीन चालू राहिलं.

"तुमच्या ताई सकाळी येऊन गेल्या," शिक्षिका म्हणाली. "म्हणाल्या, आजारी माणसाजवळ माझ्यासारखं बहिरं माणूस बसवू नका. मी एकीचा जीव घेतलाय."

पाना-पेचकस तिथंच टाकून तो घरी आला. ताई भाजी निवडत होती.

"ताई, तुझी काही चूक नव्हती. तो प्लग इन्व्हर्टरवर नव्हता."

"काय? मोठ्यानं बोल."

सहा वर्षं जे स्वतःशीही पुटपुटला नव्हता, ते आता ओरडून सांगायचं होतं. तो ओरडला. "प्लग इन्व्हर्टरवर मीच घेतला नव्हता! ती माझ्यामुळं गेली!" समोरच्या घराची खिडकी उघडली.

ताईच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"मग सहा वर्षं," ती म्हणाली, "मला त्या खोलीत का बसू दिलंस?"