केदारनाथच्या आधी म्हैस

आईने केदारनाथला जायला नकार दिला, तो होळीच्या आदल्या दिवशी. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावातून बावीस बायकांची बस वैशाखात निघणार होती. एकवीस नावे नक्की झाली होती. बाविसाव्या जागेसाठी गुढीपाडव्यापर्यंत थांबते, असे बस ठरवणाऱ्या शिक्षिकाबाईंनी कळवले होते.

नकाराचे कारण म्हैस होती.

ही म्हैस आईखेरीज कोणाला दूध देत नसे. दुसऱ्या कोणी कासेला हात लावला की पान्हा चोरायची. हात तसाच ठेवला तर लाथ. दूध काढायचे राहिले तर सड सुजतात. यात्रा सोळा दिवसांची होती.

"विकून टाकू," वडील म्हणाले.

"इकायचंच असंल तर आधी तुमाला इकते," आई म्हणाली. "ती निदान दूध तरी देती."

वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरी संपल्यावर दोघांनी केदारनाथला जायचे, हे त्यांनी आईला फार आधी सांगून ठेवले होते. मध्येच त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी चढ बंद केला. तेव्हापासून आई एकटी तरी जावी, यासाठी ते मागे लागले होते. धुळवडीच्या सकाळी त्यांनी जाहीर केले, की म्हैस ते स्वतः पिळणार.

गुडघा पूर्ण दुमडत नसल्याने ते मोरीतले प्लॅस्टिकचे स्टूल घेऊन गोठ्यात गेले. पहिल्या दिवशी बादली कुंपणापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी स्टूल गेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आली आणि म्हणाली, "तिला वास लागतो रं मालकिनीचा. वहिनीचं लुगडं गुंडाळ अंगाला."

वडिलांनी ट्रंकेतून आईचे इस्त्रीचे लुगडे काढले, घडी मोडून खांद्यावरून घेतले आणि बसले. म्हशीने लाथ मारली.

"आरं मास्तरा," आत्या म्हणाली, "धुतल्यालं कशाला घेतलं? त्याला साबणाचा वास. अंगावरचं घे, कालचं."

आईने कालचे लुगडे दिले. संध्याकाळी वडील ते पांघरून गेले. म्हशीने मान वळवून त्यांना हुंगले, थोडा वेळ थांबली आणि पेंड खाऊ लागली. तांब्याभर दूध निघाले. आई गोठ्याच्या भिंतीआड उभी होती. तिने पुढे होऊन काही सांगू नये, असे तिला बजावले होते. ती हसत मात्र होती.

त्याच वेळी समोरच्या घरातली सून वाटी घेऊन आली. तिला पाठ तेवढी दिसली.

"काकू, विरजण हाय का जरा?"

"काकू भिंतीआड आहे," वडील न वळता म्हणाले. "मी काका."

सून वाटी तिथेच ठेवून पळाली. दुसऱ्या दिवशी पारावर वडिलांना "या काकू, बसा" म्हणून जागा करून देण्यात आली. ते गेले आणि बसले. पुढचे पाच दिवस दोन्ही वेळा त्यांनीच धार काढली.

आई गावात नसताना काय होईल, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते. पाडव्याला तीन दिवस उरले तेव्हा ती देवळाली प्रवराला मावशीकडे दोन रात्री राहायला गेली. पहिल्या संध्याकाळी साडेसातला तिचा फोन आला.

"दिलं का?"

"दिलं."

"किती?"

"तुझ्यापेक्षा थोडं कमी."

"मग ठीक हाय. जास्त दिलं आसतं तर आत्ताच्या आत्ता माघारी आले आसते."

दुसऱ्या दिवशीही म्हशीने दोन्ही वेळा दूध दिले. पाडव्याला, गुढी उतरवण्याआधी, आईने शिक्षिकाबाईंना होकार सांगितला. यात्रेच्या नोंदणीचा अर्ज मी मोबाईलवर भरला. आईने आयुष्यात पहिल्यांदा बूट घेतले आणि नऊवारीवर ते घालून रोज सकाळी गावामागच्या टेकडीवरच्या देवीपर्यंत जाऊन येऊ लागली. वडील पायथ्याशी बसून घड्याळ पाहत. पहिल्या दिवशी तिला पन्नास मिनिटे लागली, निघायच्या आठवड्यात पस्तीस.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिने आणखी एक लुगडे न धुता वडिलांच्या हाती दिले. "पहिल्याचा वास उडाला तर हे घ्या," म्हणाली. बस सकाळी सहाला सुटली. वडील वेशीपर्यंत गेले नाहीत. त्यांची धारेची वेळ झाली होती.

पाचव्या दिवशी गौरीकुंडहून फोन आला. वर थंडी लई हाय, पहाटं चालाय लागतो, एवढेच बोलणे झाले आणि रेंज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शिक्षिकाबाईंचा निरोप आला : बावीसही जणी मंदिरापाशी पोहोचल्या. घोडा कोणीही घेतला नव्हता.